पांढऱ्या कडेचा डाग

ते कोरा कागद आधी कानाला लावत आणि मगच मशीनला. रिमातला वरचा ताव दोन बोटांत उचलायचा, कानाजवळ न्यायचा आणि एक झटका द्यायचा. कडक आवाज आला की मान डोलायची. आवाज दबका आला तर ताव पुन्हा जागेवर जायचा आणि आतल्या खोलीतून निकाल यायचा, "कागदाले सर्दी झाली. दुपारपर्यंत कोणी हात लावू नका त्याले."

मग त्या रिमाजवळ एक पिवळा बल्ब लटकवला जाई. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो. एकदा एक नवरदेव स्वतःच्याच पत्रिका न्यायला येऊन रडकुंडीला आला होता. त्याला त्यांनी बल्बकडे बोट दाखवलं. "नाक सुकू दे बाबू त्याचं. ओल्या कागदावर शाई पसरते. तुह्या बायकोचं नाव फुगलेलं दिसलं, तं ती पयल्याच दिवशी तुले जाब विचारीन."

नवरदेव हसला आणि बाकावर बसून राहिला. त्यांच्यापुढे सगळे असेच बसून राहत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी आमच्या प्रेसमध्ये ते मशीन चालवत आणि मी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर मजकूर जुळवत असे. दोन्ही खोल्यांच्या मध्ये दार होतं, पण दाराला पल्ला नव्हता. त्यामुळे अकरा वर्षं मी मान वर केली की समोर त्यांची पाठ दिसायची. निळा, शाईने कडक झालेला शर्ट, मानेभोवती गमछा आणि वर पांढरी विणलेली टोपी. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मीही म्हणायचे. ते मला बेटा म्हणत. मालकांना सगळे भाऊ म्हणत. प्रेसमध्ये कायमची माणसं आम्ही एवढीच, तिघं.

चाचांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कोणी विचारलं, "चाचा, इतकं छापता, वाचता का हो?" तर ते म्हणत, "वाचत नाई जी. पाहतो." शाळा त्यांनी चौथीतच सोडली होती. पण त्यांचं हे पाहणं काय होतं, ते माझ्या पहिल्याच महिन्यात मला कळलं.

एका तेरवीची पत्रिका मी जुळवली होती. नवी होते, घाई होती, म्हणून आधीच्या लग्नपत्रिकेचाच साचा घेऊन नावं बदलली. प्लेट बनली, मशीन सुरू झालं आणि दहा-बारा ताव जाताच थांबलं. चाचा ओली पत्रिका तळहातावर घेऊन माझ्या टेबलापाशी आले. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "आपली उपस्थिती हाच आमचा आनंद."

"बेटा," ते अगदी हळू म्हणाले, म्हणजे बाकावर बसलेल्या त्या मुंडण केलेल्या मुलाला ऐकू जाऊ नये, "मयतीत आनंद कुठून आला?"

भाऊ काय म्हणतील या भीतीने मला रडूच यायचं बाकी होतं. चाचा परत आत गेले आणि भाऊ आल्यावर मोठ्याने म्हणाले, "प्लेट खराब झाली माह्या हातून. दुसरी बनवून राह्यलो." एवढंच. पुढे कधी त्यांनी त्याची आठवणसुद्धा काढली नाही. फक्त कधीमधी तेरवीचं काम आलं, की आतून आवाज यायचा, "बेटा, आनंद काढला ना?"

आमच्या झाडीपट्टीत थंडी पडली की नाटकांचा हंगाम येतो. धान घरात आलं की गावोगाव मंडप पडतात, रात्रभर नाटक चालतं. त्यांची पोस्टरं छापताना चाचांची ऐट पाहावी. लाल शाई किती, पिवळी किती, नायिकेचे ओठ कुठे आणि खलनायकाच्या मिशा कुठे, सगळं त्यांच्या नजरेत. मंडळी खूश होऊन त्यांना फुकट पास देत. चाचा एकाही नाटकाला गेले नाहीत. "काऊन जाऊ?" ते म्हणत. "हजार वेळा पाह्यलं मी ते नाटक. दोन हजारही असंन. पन् दरवेळी ती बाई रडूनच राह्यली."

त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणत, "जुन्या मशीननं एक घास खाल्ला. माहीच चूक. ध्यान नव्हतं." मी ते खरं धरून चालले होते. एका दिवाळीला भाऊंनीच मला खरी गोष्ट सांगितली. दोघं तरुणपणी चंद्रपूरच्या एका छापखान्यात बरोबर कामाला होते. एका ताटात जेवत, एका चटईवर झोपत. भाऊंनी मूलला पायाने चालवायचं जुनं मशीन घेऊन स्वतःचा धंदा टाकला आणि पहिला निरोप चाचांना धाडला. पुढे त्या मशीनला मोटर बसवली. एक दिवस चाचा आत हात घालून कागद काढत होते आणि भाऊंनी न पाहता बटण दाबलं. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, तेव्हा चाचा म्हणाले, माहीच चूक, ध्यान नव्हतं. "तवापासून तो तेच सांगत आला," भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "भावापेक्षा जास्त आहे तो मले." ते रडणं खोटं नव्हतं. मला आजही तसं वाटत नाही. म्हणूनच पुढचं सगळं सांगायला जड जातं.

आमच्या प्रेसची खरी इज्जत प्रश्नपत्रिकांवर उभी होती. आजूबाजूच्या शाळांनी मिळून एक समिती केली होती आणि सहामाही-वार्षिक परीक्षेचे पेपर आमच्याकडे छापायला येत. ते दिवस आले की चाचा वेगळेच होऊन जात. माझा मोबाईल, भाऊंचा मोबाईल, त्यांचा स्वतःचा साधा फोन, सगळे एका डब्यात बंद. खिडकीवर पोतं. कचऱ्याची बादली ते स्वतः उलटी करून पाहत. मशीन चालू करताना सुरुवातीचे काही ताव नेहमीच खराब निघतात. शाई कमी-जास्त होते, ओळ सरकते. त्यातला एकेक ताव ते वेगळा ठेवत, मोजत, गठ्ठा बांधत आणि भाऊंच्या हाती देत. तो गठ्ठा लोखंडी कपाटात जाई. परीक्षा संपली की समितीचे एक सर येत आणि त्यांच्यासमोर मागच्या अंगणात चाचा तो जाळत. जळून झालं की राखेत काडी फिरवून एखादं अक्षर शिल्लक आहे का, तेही पाहत.

"या खोलीतून आजवर एक टिंबही बाहेर गेलं नाई," ते म्हणत. त्यांच्या तोंडून स्वतःची तारीफ म्हणून मी ऐकलेलं हे एकच वाक्य.

आणि मग तो पेपर फुटला. नववीचा गणिताचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मुलांच्या मोबाईलवर फोटो फिरायला लागले. एक मास्तर धावत प्रेसमध्ये आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर फोन आपटला. भाऊ बाहेर गेले होते. चाचा हात पुसत पुढे आले.

त्यांनी फोटो बघितला. मला म्हणाले, "बेटा, हे मोठं कर जरा." मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पाचव्या प्रश्नातल्या त्रिकोणाशेजारी एक बारीक काळा ठिपका होता आणि त्या ठिपक्याभोवती पांढरी कड. कागदाचा कण किंवा वाळलेल्या शाईचा खडा प्लेटवर चिकटला की असा डाग उठतो.

चाचा त्या डागाकडे बघत उभे राहिले. मास्तर समितीच्या सरांना फोन लावायला बाहेर गेले. तेव्हा चाचा मला म्हणाले, "हा डाग मी पुसला. माह्या या बोटानं. पयल्या चाळीसेक तावांवरच होता तो. चांगल्या मालात एकावरही नाई."

मला समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे फोटोतला कागद शाळांकडे गेलेल्या गठ्ठ्यांतला नव्हता. तो खराब तावांतला होता. ते ताव चाचांनी बांधून दिले होते आणि ते होते लोखंडी कपाटात. त्या कपाटाची चावी भाऊंच्या कमरेला असायची.

"चाचा..." मी म्हणाले.

"चूप राहा. मी बोलतो त्याच्याशी."

भाऊ आल्यावर दोघं मागच्या अंगणात गेले. मी खिडकीशी कान लावला, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

"तू देल्ला?" चाचांनी विचारलं.

भाऊ म्हणाले, "एकच ताव. साळा लय मागं लागला होता. त्याच्या क्लासचे पोरं पास झाले पायजे म्हणे. मले वाटलं, चार पोरांत राहीन."

भाऊंचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, गावात शिकवणी वर्ग चालवायचा. चाचा त्याच्याबद्दल काही बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "उद्या समितीवाले येतीन. तू सांग त्याइले खरं. चूक झाली म्हण. मी बसतो तुह्या बाजूले."

"सांगतो," भाऊ म्हणाले.

चाचा आत आले तेव्हा त्यांचा चेहरा हलका झाला होता. मला म्हणाले, "सांगीन तो. मी ओळखतो त्याले."

त्याच संध्याकाळी, चाचा नमाजाला गेलेले असताना, भाऊ माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर येऊन बसले. अकरा वर्षांत ते कधी त्या स्टुलावर बसले नव्हते.

"बाई, मी तुमाले खोटं बोला म्हनतच नाई," ते म्हणाले. "एकच गोष्ट विचारीन कोणी. चाचा प्रेसमधले रद्दी कागद घरी नेतात का नाई?"

नेत होते. सगळ्यांना माहीत होतं. खराब झालेली बिलं, पत्रिका, पाठकोऱ्या जाहिराती. नातवंडं आली की त्यांना चित्रं काढायला. प्रश्नपत्रिकेचा कागद त्यांनी कधी नेला नव्हता, नेला नसता.

"नेतात," मी म्हणाले.

"बस. तेवढंच म्हना. नेतात म्हना. समितीचं काम गेलं तं प्रेस बंद पडते. तुमी कुठी जासान? चाचा तं असेही दोन वर्षांत घरी बसनार."

माझ्या नवऱ्याचं माजरीकडच्या कोळसा खाणीतलं कंत्राटी काम तेव्हा नुकतंच सुटलं होतं. घरात माझ्याशिवाय कमावणारं कोणी नव्हतं. हे मी सफाई म्हणून सांगत नाही. त्या स्टुलावर बसलेल्या माणसाला हे ठाऊक होतं, म्हणून सांगते. रात्रभर मी स्वतःशी म्हणत राहिले, की सकाळी चाचांना सांगून टाकू, सावध करू. सकाळी चाचा आले, त्यांनी कागद कानाला लावला, माझ्याकडे बघून हसले आणि मी काही बोलले नाही.

समितीचे तीन सर दुपारी आले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून चाचा मशीनजवळच्या रिमावर बसले. भाऊंच्या अगदी बाजूला, बोलल्याप्रमाणे.

भाऊंनी सुरुवात फार मायेने केली. हेच मला विसरता येत नाही. त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, हा माणूस माह्या भावासारखा आहे. याच्या मनात पाप नाई. पन् वय झालं आता. खराब कागद घरी नेतात, लेकराइसाठी. त्यातच एखादा गेला असंन. याच्याही ध्यानात आलं नसंन."

चाचांनी मान वळवून खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं. तो कुणाचा आहे, तेच त्यांना कळत नसावं, असं.

"चाचा, खरं आहे का हे?" समितीच्या मोठ्या सरांनी विचारलं.

चाचा भाऊंकडे बघत राहिले. मला वाटतं, ते वाट पाहत होते. आता हा हसेल, आता म्हणेल की नाही सर, मीच. ते सरांना डागाबद्दल सांगू शकले असते. चाळीस ताव, कपाट, चावी, सगळं. एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांनी उच्चारलं नाही. खोटं पाडायचं म्हणजे भाऊंना खोटं पाडायचं होतं आणि ते त्यांच्याच्याने होईना. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनंती नव्हती. एक साधी खात्री होती. हिला माहीत आहे, ही सांगेल.

"बाई," सर म्हणाले, "तुम्ही इथं रोज असता. चाचा कागद घरी नेतात का?"

"नेतात," मी म्हणाले. "कधीकधी."

मी पुढे काही बोलेन म्हणून सर थांबले. मी कीबोर्डकडे पाहत होते.

चाचा उठले. मशीनपाशी गेले आणि रोलर धुवायला लागले. आम्ही सगळे बसून होतो आणि ते मागे फडक्याने एकेक रोलर पुसत होते. रॉकेलचा वास पुढच्या खोलीत आला. शाईची पाटी खरवडली, तेल दिलं, मशीनवर कापड झाकलं. तोवर सर निघून गेले होते. चाचांनी पाना भाऊंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डाव्या बाजूचा नट ढिला आहे. चालवाच्या आधी कसून घेशीन."

"अरे, बस तं खरा," भाऊ म्हणाले. "मी तुले काढून थोडाच राह्यलो? दोन महिने घरी राह्य. लोकं विसरतीन."

चाचांनी डबा उचलला आणि पायऱ्या उतरून गेले. माझ्या टेबलाजवळून जाताना ते थांबले नाहीत.

लोक विसरले नाहीत. मूल काही मोठं गाव नाही. चाचा बाजारात दिसले की शाळेतली मुलं कुजबुजत. गावातल्या दुसऱ्या प्रेसवाल्याने त्यांना चहा पाजला आणि काम नाही म्हणून सांगितलं. चंद्रपूरलाही हीच बातमी त्यांच्याआधी पोचली होती. चारेक महिन्यांनी कळलं, की चाचा आणि चाची वरोऱ्याला मुलीकडे राहायला गेले.

आणि समितीचं काम? तेही गेलं. पुढच्या परीक्षेपासून पेपर दुसरीकडे छापायला लागले. भाऊंनी मशीनवर नवा माणूस ठेवला. तो आठवडाभर टिकला. मग आणखी एक. भाऊ कधीकधी त्या मशीनपाशी नुसतेच उभे राहत. एक दिवस मला म्हणाले, "बाई, त्यानं एक शब्दही नाई काढला. शिव्या तरी द्याच्या होत्या." मी त्यांच्याकडे पाहिलं. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. आम्ही दोघं त्या खोलीत एकमेकांचे साक्षीदार होऊन बसलो होतो आणि आम्हाला एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं.

दीड वर्षाने मी ती नोकरी सोडली. नवऱ्याला राइस मिलमध्ये काम मिळालं होतं. मी घरीच एक कॉम्प्युटर घेऊन अर्ज, पत्रिका, सातबाराचे कागद असली कामं करू लागले. पहिलं काम मी माझंच केलं. समितीच्या मोठ्या सरांना सगळं लिहून काढलं. डाग, कपाट, अंगणातलं बोलणं, माझं 'नेतात'. पत्र घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बाई, हे तेव्हा सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "आता हे कोणाला दाखवू?" पण त्यांनी पत्र परत दिलं नाही. घडी करून खिशात ठेवलं.

त्यानंतरच मला वरोऱ्याला जायची हिंमत झाली. निदान सांगायला काहीतरी होतं.

घर रेल्वे लाइनच्या बाजूला होतं. दार चाचींनी उघडलं. मी त्यांना दोन-तीनदाच पाहिलं होतं, ईदला. मी माझं नाव सांगितलं आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. धरले ते सोडलेच नाहीत. आत नेऊन पलंगावर बसवलं. मुलीला हाक मारली, "इकडं ये. पाह्य कोन आलं. त्या मूलवाल्या बाई आल्या. तुह्या अब्बाच्या बाजूनं बोलणाऱ्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सांगितलं मले यांनी सगळं," चाची म्हणाल्या. "भाऊ उलटले, सगळे उलटले. एकटी बाई उभी राह्यली म्हने त्या सरांच्या पुढं. म्हने चाचा असं करूच शकत नाई. तुमची नोकरी जाऊ शकत होती, तरी बोलल्या. मी दुवा मागते तुमच्यासाठी. खरंच मागते."

मुलगी पाणी घेऊन आली. तिने वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं. चाचींनी शेवया केल्या. मी नको नको म्हणत असताना माझ्यासमोर वाटी ठेवली आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

चाचा जावयाच्या दुकानातून आले. दुकान गाड्यांच्या सीट कव्हरचं होतं. ते तिथे फोम कापायला बसत. हात स्वच्छ होते. इतके स्वच्छ हात मी त्यांचे कधी पाहिले नव्हते, म्हणून ओळखीचे वाटले नाहीत. त्यांनी मला पाहिलं, माझ्या हातातली वाटी पाहिली, चाचींचा चेहरा पाहिला.

"कवा आल्या तुमी?" ते म्हणाले.

अकरा वर्षं त्यांनी मला 'तू' म्हटलं होतं.

संध्याकाळच्या गाडीसाठी ते मला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. चाचींनीच पाठवलं. रस्त्यावर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, बाजूने चालावं लागत होतं. अर्धा रस्ता संपल्यावर मीच विचारलं, "चाचा, चाचींना तुम्ही असं काऊन सांगितलं?"

ते चालत राहिले. मग म्हणाले, "काय सांगत होतो? इतकी वर्षं त्या प्रेसमंधी काढली, अन् एक मानूस उभा नाई राह्यला, असं? तिले वाटलं असतं, या मानसानं जिंदगीत कमावलं तं काय?" एका गाडीला वाट देत म्हणाले, "मंग तुमचं नाव घेतलं. दुसरं नावच नव्हतं घ्याले."

मी त्यांना पत्राचं सांगितलं. सगळं लिहून दिलं, सरांनी ठेवून घेतलं, असं भराभर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं केलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "पन् घरी नका सांगू ते. तिच्यासाठी तं तुमी तवाच बोलल्या होत्या."

गाडी लागली. त्यांनी कंडक्टरला सांगून मला खिडकीजवळची जागा मिळवून दिली, चाचींनी दिलेला शेवयांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि खाली उतरले. मी खिडकीतून हाक मारली. ते कापसाच्या दोन गाड्यांच्या मधून निघून गेले होते.

त्याला आता काही वर्षं झाली. दर ईदला चाचींचा फोन येतो. मुलांची, घराची चौकशी करतात आणि शेवटी न चुकता म्हणतात, "सगळ्याइनं सोडलं यांना, तुमी नाई सोडलं." मी हो म्हणते. दुसरं काय म्हणणार? मागे कधी भांड्यांचा आवाज असतो, कधी आगगाडीचा, कधी चाचांचा खोकला. एका ईदला चाची म्हणाल्या, थांबा, इथीच आहेत, देते. फोन हातातून हातात गेल्याचं कळलं. मी "चाचा" म्हणाले. पलीकडे थोडा वेळ श्वास ऐकू आला. मग पुन्हा चाचींचा आवाज आला, "लाजतात हो ते. मीच बोलते."